विश्लेषण : बेडूक पाळण्याआधी किडे का पाळावे लागतात?

काचेची पेटी, आत ओले शेवाळ, दोन-चार नेचे आणि पानावर बसलेला अंगठ्याच्या पेराएवढा निळाशार बेडूक. मोबाइलवर अशी छायाचित्रे पाहून अनेकांना हा छंद खुणावतो. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे त्याच खोलीतली एक फळी. तिच्यावर तोंडाला कापड लावलेले प्लास्टिकचे डबे रांगेने मांडलेले असतात आणि प्रत्येकात शेकडो बारीक माश्या वळवळत असतात. बेडकाचे आयुष्य काचेच्या पेटीपेक्षा या फळीवर अधिक अवलंबून असते. अमेरिका आणि युरोपात हा छंद अनेक दशकांचा आहे, भारतातील मोठ्या शहरांतही तो आता दिसू लागला आहे. चर्चा मात्र बेडकाचा रंग, किंमत आणि पेटीची सजावट यांचीच होते. खाद्यकीटकांच्या आरोग्याचा विषय निघतो तो बेडूक वाळू लागल्यावर, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

जिवंत किडेच कशाला?

बहुतेक बेडकांना स्थिर वस्तू अन्न वाटत नाही. समोर काही हलले तरच जीभ बाहेर पडते. काही मोठ्या जाती चिमट्याने हलवून दिलेले तयार खाद्य घेतात, पण डार्ट बेडकांसारख्या छोट्या जातींबाबत तो मार्ग जवळपास बंदच आहे. दोन-अडीच सेंटिमीटरच्या प्राण्याला त्याच्या तोंडात मावेल एवढेच भक्ष्य हवे आणि तेही जवळपास रोज हवे. नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या पिल्लांना तर माशीही मोठी पडते. त्यांना मिलिमीटरभर लांबीचे स्प्रिंगटेल नावाचे कीटकसदृश जीव लागतात. हे खाद्य किराणा दुकानात मिळत नाही आणि साठवूनही ठेवता येत नाही. त्यामुळे बेडूक पाळणारा माणूस नकळत कीटकपालनाचा धंदा सुरू करतो. धंदा एवढ्यासाठी म्हणायचे की त्यात उत्पादन, नासाडी, साथीचे रोग आणि तुटवडा असे सगळे काही असते.

दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील डार्ट बेडकांचे विष प्रसिद्ध आहे. ते विष बेडूक स्वतः तयार करत नाही, तर जंगलातील मुंग्या, माइट आणि इतर बारीक जिवांतून मिळवतो. पेटीत माश्यांवर वाढलेल्या बेडकाच्या त्वचेत ते विष नसते. बेडूक जे खातो त्याचा माग त्याच्या शरीरात किती खोलवर पोहोचतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

चिलटांच्या डब्यात असते तरी काय?

या छंदातील मुख्य अन्न म्हणजे ड्रॉसोफिला. मराठीत फळमाशी म्हटले की आंबा-पेरूला डंख मारणारी, बागायतदारांची डोकेदुखी डोळ्यांसमोर येते. ड्रॉसोफिला ती नव्हे. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी तांबूस डोळ्यांची चिलटे ती ही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन यांनी दुधाच्या बाटल्यांत केळी घालून हीच चिलटे वाढवली, १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली आणि आनुवंशशास्त्राला वळण मिळाले. बेडूकपालक आज जी पद्धत वापरतात ती या प्रयोगशाळांचीच देणगी आहे.

दोन जाती प्रचलित आहेत. मेलानोगास्टर लहान असते आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुमारे दहा दिवसांत अंड्यापासून माशीपर्यंत पोहोचते. हायडाय आकाराने मोठी असते आणि तिला जवळपास दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दोन्हींच्या उडू न शकणाऱ्या वाणांचीच पैदास केली जाते, नाहीतर डबा उघडताच जेवण छताला जाऊन बसेल. डब्याच्या तळाशी बटाट्याचा सुका चुरा, साखर, यीस्ट, पाणी आणि थोडे व्हिनेगर यांचा लगदा असतो. त्यावर बुरशी येऊ नये म्हणून बुरशीरोधक घालतात. माश्यांना चढायला, कोष करायला लाकडाचा भुसकट-पिंजर किंवा चुरगळलेली कागदी जाळी लागते. त्यात पन्नासेक माश्या सोडल्या की दोन आठवड्यांत नवी पिढी बाहेर येऊ लागते.

इथवर सगळे सोपे आहे, आणि या सोपेपणातच फसगत आहे. पहिला डबा जवळजवळ सगळ्यांचाच जमतो. नवख्याला वाटते, आता हे असेच चालणार. तो त्याच डब्यातून महिनाभर माश्या काढतो, त्यातल्याच उरलेल्या म्हाताऱ्या माश्या पुढच्या डब्यात टाकतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला एका सकाळी डब्यात माश्यांऐवजी पिठासारखी राखाडी, हलणारी पूड दिसते.

कल्चर कोसळते ते कशामुळे?

ती पूड म्हणजे माइट. शेतकरी ज्यांना कोळी म्हणतात त्याच वर्गातले, पण इथे धान्य आणि बुरशीवर जगणारे. ते पिठातून येतात, जुन्या डब्यातून येतात आणि माशीच्या अंगाला चिकटून नव्या डब्यात जातात. माश्यांचे खाद्य ते फस्त करतात, काही जाती माश्यांच्या अंड्यांवरही ताव मारतात. डबा जुना होईल तशी त्यांची संख्या वाढते. म्हणून नवा डबा नेहमी तरुण, भरात असलेल्या डब्यातूनच सुरू करावा लागतो आणि महिना उलटलेला डबा, त्यात माश्या दिसत असल्या तरी, बाद करावा लागतो. काटकसरी मनाला हे पटत नाही. डब्यात अजून दोनशे माश्या आहेत, त्या फेकायच्या कशा? पण त्या दोनशे माश्या वाचवण्याच्या नादात शेजारचे सहा डबे जातात. या छंदातील निम्मे तुटवडे अशा खोट्या काटकसरीतून आलेले असतात, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. मेलानोगास्टरचे नर ३० अंशांच्या आसपास वाढले तर नपुंसक होऊ लागतात. माश्या जिवंत दिसतात, फिरतात, मीलनही करतात, पण अळ्या होत नाहीत. शिवाय आंबणाऱ्या लगद्यात हजारो अळ्या घुसळत असतात तेव्हा डब्याच्या आतले तापमान खोलीपेक्षा जास्त असते, हे लक्षातच येत नाही. खोलीत २८ अंश असले म्हणून डब्यात २८ असतेच असे नाही. त्यात डबे एकमेकांना चिकटवून, बंद कपाटात ठेवले तर आंबण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माश्या गुंगी आल्यासारख्या तळाशी पडतात. मग ‘माश्या अचानक मेल्या’ अशी तक्रार होते. त्यात अचानक काहीच नसते.

तिसरी गोष्ट घरच्या केळ्यांची. न उडण्याचा गुण आनुवंशिकदृष्ट्या सुप्त असतो. झाकणाच्या फटीतून एखादे उडणारे रानटी चिलट आत शिरले आणि त्याचा संकर झाला, तर पुढची पिढी उडणारी निघते. असा डबा सुधारत बसण्यात अर्थ नसतो.

अनुभवी पालक यावर जे करतात ते अगदी साधे आहे. दर आठवड्याला निदान दोन नवे डबे, प्रत्येकाच्या झाकणावर तारीख, डब्यांची फळी पाण्याच्या उथळ ताटात किंवा माइटनाशक कागदावर, आणि दोन जातींचे डबे वेगवेगळ्या जागी. बाद डबा आधी रात्रभर फ्रीजरमध्ये आणि मगच कचऱ्यात. नाक हेही चांगले उपकरण आहे. निरोगी डब्याला जिलेबीच्या आंबवलेल्या पिठासारखा वास येतो. सडका, उग्र वास येऊ लागला की लगद्यावर जिवाणूंनी ताबा मिळवला आहे असे समजावे.

स्प्रिंगटेल त्यामानाने सोशिक. ओल्या कोळशावर ते वाढतात, चिमूटभर यीस्ट त्यांना पुरते आणि डब्यात पाणी ओतले की वर तरंगतात, म्हणजे काढायलाही सोपे. त्यांना मारते ते प्रेम. यीस्ट जास्त झाले की बुरशी, बुरशीमागून माइट.

पोट भरले तरी उपासमार?

डबे भरभरून वाहत असले तरी प्रश्न संपत नाही. रातकिडा, माशी, मीलवर्म अशा बहुतेक खाद्यकीटकांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी असते. रानात बेडूक दिवसभरात नाना प्रकारचे जीव खातो, पेटीत त्याला वर्षानुवर्षे एकच पदार्थ मिळतो. परिणाम हाडांवर होतो. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. म्हणून माश्या पेल्यात घेऊन त्यांच्यावर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड उधळतात. इथेही घाई लागते. माशी स्वतःचे अंग सारखे साफ करत असते, त्यामुळे बेडकाने लवकर खाल्ली नाही तर पूड पेटीतच झडून जाते. पुडीचा डबा उघडून वर्ष झाले असेल तर तिच्यातील जीवनसत्त्वांचा भरवसा उरत नाही, तो तर वेगळाच भाग.

सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेतील वायोमिंग टोडचे आहे. निसर्गातून जवळपास नाहीशी झालेली ही जात प्रजनन केंद्रांत जगवली गेली. तिथे काही टोड भक्ष्यावर नेम धरत, जीभ टाकत, पण किडा पकडला जात नसे. पशुवैद्यकीय रोगनिदान तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा जिभेवरच्या, चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशी बदलून गेलेल्या आढळल्या. कारण होते ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव. समोर अन्न आहे, भूक आहे, नेमही बरोबर आहे, आणि जिभेला किडा चिकटत नाही. एखादी जात वाचवण्यासाठी सगळी यंत्रणा उभी केली आणि ताटातल्या किड्यात एक घटक कमी पडला, एवढेच ते कारण.

त्यावर उतारा म्हणून बाजाराने ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या पुढे आणल्या. त्यांच्यात कॅल्शियम खरोखरच जास्त असते, जाहिरातीत ते ठळक छापलेलेही असते. मात्र कॅरिबियन बेटांवरील ‘माउंटन चिकन’ नावाच्या मोठ्या बेडकांना त्या खाऊ घालून तपासले गेले तेव्हा अख्ख्या गिळलेल्या अळ्यांतील बरेचसे कॅल्शियम न पचताच बाहेर पडत असल्याचे दिसले. बेडूक चावून खात नाही, गिळतो. अळीचे कवच जाड असते. वेष्टनावरचा आकडा अळीच्या शरीराचा असतो, बेडकाच्या रक्तातला नव्हे, हा फरक विक्रेते सांगत नाहीत आणि ग्राहक विचारत नाहीत.

रातकिड्यांचे तंत्र आणखी वेगळे. त्यांना बेडकासमोर टाकण्याआधी एक-दोन दिवस पालेभाज्या आणि कॅल्शियमयुक्त खाद्य दिले की किड्याच्या पोटातून ते बेडकात जाते. पण तेच खाद्य कायम दिले तर रातकिडेच मरू लागतात. म्हणजे किड्याचा आहार आणि बेडकाचा आहार या दोन गोष्टी आहेत, आणि पालकाला दोन्ही सांभाळाव्या लागतात.

रातकिड्यांच्या साथीचा धडा कोणता?

पाळीव बेडूक, सरडे आणि मासेमारीचे आमिष यांसाठी अमेरिकेत अनेक दशके एकाच जातीचा, म्हणजे अचेटा डोमेस्टिकस या घरगुती रातकिड्याचा व्यापार चालत आला. फार्मवर लाखोंनी, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर दाटीवाटीने. या जातीला मारणारा डेन्सोव्हायरस युरोपात १९७७ मध्येच नोंदला गेला होता. युरोपातील पैदासकारांनी त्याचे तडाखे सोसले. उत्तर अमेरिका बराच काळ वाचली आणि मग २००९-१० मध्ये साथ तिथेही फुटली. प्रौढ व्हायला आलेले रातकिडे पाठीवर पडत, पाय झाडत आणि मरत. पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. फ्लोरिडातील एक जुने फार्म २०१० मध्ये दिवाळखोरीत निघाले. हा विषाणू बेडकाला काही करत नाही. पण जेवणच आले नाही तर बेडकाला त्याचा काय दिलासा?

उद्योगाने शोधलेला उपाय असा की दुसरी जात आणायची. या विषाणूला दाद न देणारा पट्टेरी रातकिडा, ग्रायलोडीस सिगिलेटस, अनेक ठिकाणी वाढवला जाऊ लागला, तो निदान ओळखीचा तरी होता. पण त्याबरोबर आणखी एक मोठा रातकिडा भलत्याच नावाने विकला जात होता. कीटकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तपासून सांगितले की ही जात विज्ञानाला नवीनच आहे. तिला त्यांनी ग्रायलस लोकोरोहो असे नाव दिले. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ वेडा लाल. म्हणजे जिला अजून शास्त्रीय नावही नव्हते अशी परकी जात टपालाच्या खोक्यांतून घरोघर पोहोचत होती. ती निसटून शेतात, गवतात स्थिरावली तर काय, हा प्रश्न परवान्यांच्या नियमांत होता, व्यवहारात नव्हता.

जात बदलल्याने उद्योग तगला, असे समर्थन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. विषाणू एका जातीला झोंबला, पण आपत्ती घडवली ती दाटीने, एकाच जातीवर टाकलेल्या भिस्तीने आणि फार्माफार्मांमध्ये फिरणाऱ्या ट्रे-खोक्यांनी. नवी जात जुन्याच पद्धतीने वाढवली तर नव्या रोगाची वाट पाहणे एवढेच उरते. घरच्या पालकांपैकी ज्यांच्याकडे चिलटे, स्प्रिंगटेल आणि थोडी झुरळवर्गीय कल्चर अशी तीन-चार अन्ने होती त्यांनी ते महिने निभावून नेले. अडचणीत आले ते दर आठवड्याला खोके मागवणारे.

रेशीम उत्पादकांना हे आधीच कसे ठाऊक?

यात महाराष्ट्राला काही परके वाटण्याचे कारण नाही. कीटक निरोगी कसे ठेवायचे याचे ज्ञान मराठवाड्यातील रेशीम उत्पादकांकडे आहे, फक्त ते बेडकांसाठी नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समधील रेशीम धंदा पेब्रीन रोगाने बसला, तेव्हा १८६५ पासून लुई पाश्चर यांनी त्यावर काम केले. अंडी घातलेली मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तिच्यात रोगाचे कण दिसले की तिची सगळी अंडी नष्ट करायची. आज शेतकरी जे रोगमुक्त अंडीपुंज विकत घेतो त्यामागे हीच रीत आहे.

प्रत्येक पीक संपले की संगोपनगृह धुऊन निर्जंतुक करायचे, आजारी अळ्या चिमट्याने वेचून चुन्यात टाकायच्या, आत जाताना चप्पल बाहेर काढायची आणि हातपाय धुवायचे, लहान अळ्यांचे चॉकी संगोपन मोठ्यांपासून वेगळे ठेवायचे, उन्हाळ्यात ओली गोणपाटे टांगून हवा गार करायची. जुन्या पिकाचा कचरा नव्या पिकाजवळ येऊ द्यायचा नाही. बेडूकपालकांच्या जगात ज्या युक्त्या ‘गुपिते’ म्हणून सांगितल्या जातात त्या तुतीच्या शेडमध्ये रोजची शिस्त आहेत. फरक दृष्टीचा आहे. रेशीम उत्पादकासाठी अळी हेच पीक असते, म्हणून तो तिची नाडी ओळखतो. छंदिष्टाच्या लेखी किडा म्हणजे चारा, आणि चाऱ्याला आजार होतो हे त्याच्या गावीही नसते.

इथल्या उन्हाळ्यात काय होणार?

पुणे-नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, वातानुकूलन नसलेल्या खोलीत चिलटांचे डबे चालणार नाहीत. मग सोपा मार्ग सुचतो तो बाहेरून किडे पकडण्याचा. दिव्याखाली जमलेले पाखरू, बागेतले नाकतोडे, शेतातले रातकिडे फुकट मिळतात. पण त्यांच्यावर कोणती फवारणी झाली आहे हे कळायला मार्ग नाही, आणि ओलसर त्वचेच्या बेडकाला अंशमात्र कीटकनाशकही पुरते. पावसाळ्यात ओल वाढली की प्रश्न उलटतो आणि बुरशी, माइट यांचा हंगाम सुरू होतो.

कायद्याची बाजूही आहेच. देशी बेडूक ओढ्यातून उचलून पेटीत ठेवणे हा छंद नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तरतुदी तिथे आड येतात. डार्ट बेडकांसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रण कराराच्या परिशिष्टात असलेल्या परदेशी जाती ठेवायच्या तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. परदेशातून जिवंत कीटक आणण्यावर वनस्पती संगरोध नियमांचे बंधन आहे. बेडकाचे कागद विचारणारे काही जण तरी असतात. डब्यातील माशी कोणत्या जातीची आणि ती कुठून आली, हे कोणी विचारत नाही.

बेडूक विकणाऱ्यांनी एक अट घालावी आणि घेणाऱ्यांनी ती मागून घ्यावी. आधी फक्त डबे न्यायचे. सलग आठ आठवडे, प्रत्येक आठवड्याला नवा डबा लावून, एकदाही माइट किंवा तुटवडा न होता ज्याने कल्चर चालवले, त्यालाच बेडूक मिळावा. अशा अटीने विक्री घटेल, हे उघड आहे. सध्याच्या रीतीत मात्र बेडकाबरोबर एकच डबा भेट म्हणून दिला जातो आणि तो साधारण तीन-चार आठवडे चालतो.